एका गप्प तबकडीचा ताळेबंद

बी. कॉम. झालेल्या माणसाने संगीतावर लिहू नये, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. संगीतावर लिहावं ते बी. ए. वाल्यांनी. आमच्यासारख्यांनी फार तर मंडळाच्या कार्यक्रमाचा जमाखर्च लिहावा आणि शेवटी तीन रुपये का जुळत नाहीत ते शोधत बसावं. हा नियम मी नोकरीची २२ वर्षं इमानेइतबारे पाळला. पण मध्यंतरी एक विलायती तबकडी अशी कानावर आली, की तिच्यावर लिहायला बी. कॉम.च पाहिजे. कारण ही तबकडी कोर्टात गेली होती! गाणं चांगलं की वाईट हे समीक्षक ठरवतात. गाणं पुरं झालं की नाही, हे ठरवायला इथे न्यायाधीश लागले. आणि मर्कंटाइल लॉमध्ये मला ४८ मार्क होते. तेव्हा माझ्या अधिकाराबद्दल कोणी शंका घेऊ नये.

(तबकडी म्हणतो ती आपली जुन्या सवयीने. ऐकली मोबाइलवरच. आमच्या शाखेत नव्याने आलेल्या एका प्रोबेशनरी ऑफिसरने ती मला ऐकवली. या मुलांना कॅश टॅली करता येत नाही, पण आपल्या जन्माआधीची गाणी त्यांना तोंडपाठ असतात.)

तबकडीचं नाव 'स्पिरिट ऑफ ईडन'. साल १९८८. बँडचं नाव 'टॉक टॉक', म्हणजे चक्क 'बोल बोल'. नाव 'बोल बोल' आणि कीर्ती मात्र गप्प बसण्याबद्दल! आपल्याकडे अशा वेळी 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणायची पद्धत आहे. पण इथे ती म्हण जरा वाकवावी लागते. या सोनूबाईंच्या हातात खरोखरच सोनं होतं. ते त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून कपाटात ठेवलं आणि चारचौघांत कथलाचा वाळा घालून बसल्या. घरचे लोक, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, साहजिकच चिडले. प्रकरण कोर्टात गेलं ते असं.

पण आधी सोन्याबद्दल सांगतो.

'टॉक टॉक' हा बँड १९८१ साली लंडनमध्ये निघाला. गायक मार्क हॉलिस, ड्रम्सवर ली हॅरिस, बेस गिटारवर पॉल वेब. ई. एम. आय. कंपनीने त्यांना घेतलं. त्याच कंपनीकडे 'ड्युरान ड्युरान' नावाचा दुसरा एक दुहेरी बँड होता. तो तेव्हा भलताच जोरात होता. कंपनीने विचार केला असावा, की एक दुहेरी नाव खपतंय तर दुसरंही खपेल. शेजारच्या दुकानात बाकरवडी खपते म्हटल्यावर आपणही बाकरवडी ठेवावी, त्यातला हा प्रकार. १९८२ च्या पहिल्या तबकडीला निर्माताही तोच, आणि दौऱ्यावर पाठवलं तेही 'ड्युरान ड्युरान'च्या मागे. म्हणजे थोरल्याचे कपडे धाकट्याला!

पण धाकट्याकडे एक गोष्ट स्वतःची होती. चाल. १९८४ चं 'इट्स माय लाइफ' ऐका. सुरुवातीला बेस गिटार अशी घसरत येते, की कोणीतरी जिन्याच्या कठड्यावरून खाली येतंय. मग हॉलिसचा आवाज. काउंटरवर येऊन काम काय ते पटकन न सांगणाऱ्या माणसासारखा, जरा दबलेला, जरा रडवेला. आणि मग ध्रुवपद येतं तेव्हा हाच आवाज मान वर करून उभा राहतो. एवढंच. पण त्या वर येण्यात असं काही आहे, की ऐकणाऱ्याचीही मान थोडी वर होते. 'सच अ शेम' हेही त्याच वर्षीचं, त्याच तोलाचं. इंग्लंडात 'इट्स माय लाइफ' ४६ व्या नंबरपर्यंतच चढलं, पण युरोपात या मंडळींना मागणी आली. नव्या धंद्याला आणखी काय पाहिजे?

आता माणूस पुढे काय करणार आहे याची लक्षणं आधीपासून दिसतात, फक्त ती बघायची सवय पाहिजे. कर्ज बुडवणाऱ्याची दिसतात, तशी गप्प होणाऱ्याचीही दिसतात. या 'इट्स माय लाइफ'चं चित्रण करायचं ठरलं. असल्या चित्रणात गायकाने आधीच मुद्रित झालेल्या गाण्यावर ओठ हलवायचे असतात. हॉलिसला हा प्रकार मान्य नव्हता. तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि तोंड मिटून उभा राहिला! बाकी सगळे प्राणी. वर त्याच्या मिटलेल्या तोंडावर रेघोट्या मारलेल्या. कंपनीचं म्हणणं पडलं, की हे चालणार नाही, पुन्हा करा, तोंड हललं पाहिजे. ठीक आहे म्हणाले. पुन्हा केलं आणि या वेळी ओठ इतके हलवले, इतके हलवले, की बघणाऱ्याला कळावं, ही चेष्टा चालली आहे. साहेबाने 'ग्राहकाशी हसून बोला' असं परिपत्रक काढल्यावर आमच्या शाखेतही आठवडाभर असंच हसणं झालं होतं.

१९८६ साली 'द कलर ऑफ स्प्रिंग' आली आणि ही मंडळी इंग्लंडात आठव्या नंबरावर पोहोचली. संगीतातला बदल खरा इथून सुरू होतो, आणि तो खर्चाच्या बाजूने सुरू होतो. पहिल्या दोन तबकड्या सिंथेसायझरवर उभ्या होत्या. हॉलिसचं म्हणणं असं, की सिंथेसायझर आवडतं म्हणून नव्हे, परवडतं म्हणून वापरलं. खऱ्या वादकांना पैसे द्यावे लागतात. पैसे आल्यावर त्याने पहिलं काम हे केलं, की यंत्र बाजूला सारून माणसं बोलावली. ऑर्गनवर स्टीव्ह विनवुडसारखा नामवंत, एका गाण्यात लहान मुलांचा कोरस. आपण पगार वाढला की घरात यंत्रं आणतो. याने यंत्र काढून माणसं आणली. याच तबकडीत 'एप्रिल फिफ्थ' आणि 'कमिलियन डे' अशी दोन गाणी आहेत. त्यांत ताल जवळजवळ नाहीच. आवाज आहे, मग पोकळी आहे, मग पुन्हा आवाज आहे. बाकीची गाणी बाजारात धावत होती. ही दोन रस्त्याच्या कडेला थांबून कसला तरी विचार करत होती.

कंपनीने धावणारी गाणी ऐकली. आणि पुढच्या तबकडीसाठी असा निर्णय घेतला, की वाचून माझ्या अंगावर काटा आला. खर्चाला मर्यादा नाही. मुदतीला मर्यादा नाही. आणि काम चालू असताना कंपनीच्या माणसांना स्टुडिओत मज्जाव!

वाचकहो, आमच्याकडे दुचाकीच्या कर्जाला दोन जामीन लागतात. छोट्या दुकानदाराला कॅश क्रेडिट दिलं, तर त्याच्याकडचे साबणाचे खोके मोजायला आम्ही दर महिन्याला जातो. आणि इथे तारण नाही, इन्स्पेक्शन नाही, हप्ता नाही. एकदा हिट गाणं दिलं या एकाच पुराव्यावर सगळी तिजोरी उघडी. असलं कर्ज मंजूर करणाऱ्या मॅनेजरची दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला बदली होते. पण खरं सांगायचं तर, या तबकडीच्या कथेत मला त्या अज्ञात मॅनेजरबद्दल फार प्रेम वाटतं. बँकिंग म्हणून हा गाढवपणा होता. पण त्या गाढवपणाशिवाय ही तबकडी झाली नसती.

आता या पैशांचं त्यांनी काय केलं? लंडनच्या हायबरी भागात वेसेक्स नावाचा स्टुडिओ होता. मुळात ती वास्तू चर्चच्या हॉलची. तिथे हॉलिस, त्याचा सहकारी आणि निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन आणि मुद्रक फिल ब्राउन १९८७ साली जाऊन बसले आणि १९८८ मध्येच बाहेर आले. दिवे घालवलेले. भिंतीवर तेलाचे रंगीत डाग फिरवणारा एक प्रोजेक्टर, बाकी काळोख. डझनाहून अधिक पाहुणे वादक येऊन गेले. व्हायोलिनवर नायजेल केनेडी, डबल बेसवर डॅनी थॉम्पसन, ट्रम्पेटवर हेन्री लाउदर, हार्मोनिकावर मार्क फेल्थम. शिवाय ओबो, बसून, क्लॅरिनेट आणि चेम्सफर्ड कॅथीड्रलचं गायकवृंद. एकेकाने अंधारात बसायचं, सुचेल ते वाजवायचं. समोर कागद नाही, काय पाहिजे याची धड सूचना नाही. तासन्‌तास वाजवून झालं की ते घरी जायचे. मग हे लोक त्या ढिगातून चार-दोन स्वर उचलायचे आणि बाकी सगळं टाकून द्यायचे.

कॉस्ट अकाउंटिंगमध्ये आम्हाला 'नॉर्मल लॉस' आणि 'अ‍ॅबनॉर्मल लॉस' असे दोन प्रकार शिकवले होते. ऊस गाळला की चिपाड निघतं, तो नॉर्मल. रस सांडून चिपाड बाटलीत भरलं, तर तो अ‍ॅबनॉर्मल. इथे बाहेरून बघणाऱ्याला दुसराच प्रकार वाटेल. केनेडीचंच घ्या. पुढच्याच वर्षी विवाल्डीच्या 'फोर सीझन्स'ने हा माणूस घराघरांत पोहोचला. या तबकडीत त्याचं व्हायोलिन कंदील घेऊन शोधावं लागतं. एवढा मोठा वादक आणून त्याला इतकं थोडं वाजू द्यायचं, हा उधळेपणा की काटकसर? मी बराच विचार केला. दोन्ही. पैशांचा उधळेपणा आणि स्वरांची काटकसर.

आणि या तबकडीबद्दल मला जे म्हणायचंय ते इथेच आहे. 'प्रयोग' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भर घालणं येतं. चार वाद्यांच्या जागी चौदा, एका तालाच्या जागी तीन, मध्येच कुठेतरी रेल्वेची शिटी. हॉलिसचा प्रयोग वजाबाकीचा आहे. चाल काढली, मग ताल काढला, मग वादकांचं वाजवणं काढलं, आणि एवढं काढल्यावर काय उरतं ते कान लावून ऐकलं.

काय उरतं? सहा गाणी, ४१ मिनिटं. पहिल्या बाजूची तीन गाणी सलग जोडलेली, जवळजवळ २३ मिनिटांचा एकच पट्टा. पहिलं 'द रेनबो'. दूरवर कुठेतरी ट्रम्पेट. त्याखाली एक लांबच लांब स्वर, वीज गेल्यावर कॉलनीत जी शांतता ऐकू येते तसा. दोन मिनिटं होऊन गेली तरी गाणं नाही. आमच्या घरी मी हे स्पीकरवर लावलं, तेव्हा पहिल्या मिनिटाला सौ. म्हणाल्या, "आवाज येत नाहीये, चार्जिंग संपलं असेल." दीड मिनिटाला मुलगी येऊन मोबाइल हलवून गेली. सव्वादोन मिनिटांना दोघींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी फक्त ऑडिटरच्या डोळ्यांत पाहिली आहे. आणि मग गिटारचे दोन घसरते सूर येतात, ड्रम्स जागे होतात आणि गाणं सुरू होतं. पुढे हार्मोनिका अशी काही फाटक्या आवाजात ओरडते, की सौ. "मिक्सर कोणी लावला?" म्हणून स्वयंपाकघरात जाऊन आल्या.

पण बघा, घरात दोन मिनिटं तिघंही जण ऐकत होते! काय ऐकत होते हे कळत नसेल, पण कान टवकारलेले होते. 'इट्स माय लाइफ' लावलं असतं, तर मुलीने मान डोलावली असती, सौ.नी भाजी निवडली असती, आणि ऐकलं कोणीच नसतं. चांगल्या चालीचा हा एक अवगुणच आहे. ती इतकी चटकन ओळखीची होते, की आपण तिच्याकडे बघायचं बंद करतो. रोज पासबुक भरायला येणाऱ्या आजोबांसारखं. आले की आपण मान न उचलता 'नमस्कार' म्हणतो. एक दिवस ते येत नाहीत, आणि त्या दिवशी आपण दाराकडे पहिल्यांदा नीट बघतो. हॉलिसने चालीला असं गैरहजर ठेवलं आहे.

इथे एखाद्या जाणकाराला चटकन सुचेल, की अहो, हे तर आपल्या आलापीसारखं! मलाही तो मोह झाला. पण आलापीत राग ठरलेला असतो. षड्ज लागला की गायकाला कुठे जायचं आहे हे आपल्याला ठाऊक असतं, फक्त तो किती गल्ल्या फिरून जातो याची मजा असते. 'ईडन'मध्ये कुठे जायचं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि वाजवताना वाजवणाऱ्यांनाही नव्हतं. जाग्यावर कोणीच नव्हतं. रस्ता नंतर, कात्री घेऊन, तयार केला आहे. तरी तो रस्ता आधीपासून तिथे होता असं वाटतं, हे मला या कामाचं सगळ्यात मोठं यश वाटतं.

सगळंच जमलं आहे असं मात्र नाही. समीक्षा लिहायला घेतली आहे तर स्पष्टच सांगतो. 'डिझायर'मध्ये शांततेतून एकदम जो स्फोट होतो तो पहिल्यांदा दचकवतो, दुसऱ्यांदा आवडतो, तिसऱ्यांदा 'आता होईल' म्हणून आपण चहाचा कप आधीच खाली ठेवतो. मधलं 'ईडन' हे गाणं ताणलेलं आहे. आणि हॉलिस शब्द गिळतो. गिळतो म्हणजे किती, तर कॅशियर 'उद्या या' म्हणताना गिळतो तितके. बरं, शब्द आवरणावर छापलेले आहेत, पण ते त्याच्याच हस्ताक्षरात! असल्या हस्ताक्षराची विथड्रॉवल स्लिप मी तरी पास केली नसती. अर्थ कळू नये म्हणून इतका खटाटोप करायचा, आणि मग दर्दभरल्या आवाजात गायचं, हे मला पटत नाही. दुःख सांगायचं असेल तर सांगावं, नाहीतर खाकरून गप्प बसावं.

पण 'आय बिलीव्ह इन यू' आलं, की ही सगळी तक्रार मी मागे घेऊन फाइलला लावतो. हे गाणं हेरॉईनच्या व्यसनाबद्दल आहे. हॉलिसचा थोरला भाऊ एड, ज्याने त्याला या धंद्यात आणलं, तो व्यसनात सापडलेला होता आणि १९८९ साली वारला. गाणं त्याच्याच गोष्टीवर बेतलेलं आहे असा माझा दावा नाही. पण घरात असा माणूस असला, की त्या विषयावर ओरडून बोलता येत नाही, हे कोणालाही समजेल. गाण्यात ड्रम्सचा एकच ठेका, घाई नाही, थकवा नाही, रात्रपाळीच्या नर्सच्या पावलांसारखा. त्यावर हॉलिस जवळजवळ कुजबुजतो. आणि मग चेम्सफर्डचं गायकवृंद हळूच वर येतं. इतका वेळ जी चाल याने रोखून धरली होती ती इथे, फक्त इथे, तो सोडतो. १९८४ च्या त्या ध्रुवपदात आवाज मान वर करत होता. इथे तो गुडघे टेकतो, आणि तरी वर जातो. गंमत अशी, की १९८६ च्या तबकडीत याच माणसाचं एक गाणं होतं, 'आय डोन्ट बिलीव्ह इन यू'. दोन वर्षांत 'नाही'चं 'आहे' झालं. पुढची नोंद येऊन खातं जुळलं म्हणायचं.

मुद्दा हा, की वजाबाकी करायला आधी खात्यात शिल्लक लागते. ज्याला चाल बांधताच येत नाही, त्याने चाल वगळली तर ती काटकसर नव्हे, ती गरिबी. ज्याने 'इट्स माय लाइफ' बांधलं, तो दोन मिनिटं गप्प बसतो तेव्हा त्या गप्प बसण्याला वजन येतं. आता काय येणार म्हणून आपण थांबतो, कारण यापूर्वी त्याने दिलं आहे. हल्ली जाणकारांत अशी फॅशन आहे, की 'टॉक टॉक'च्या सुरुवातीच्या तबकड्यांचा विषय निघाला की तरुणपणच्या चुका म्हणून हसायचं. मला हे कृतघ्नपणाचं वाटतं. ठेव कोणी ठेवली होती? त्याच चालींनी! 'ईडन' ही त्या ठेवीवरची रक्कम आहे. मूळ पावतीला नावं ठेवून व्याज घ्यायला यायचं, हे आमच्या काउंटरवर चालत नाही.

आता कोर्टाकडे वळू. 'ईडन' इंग्लंडात १९ व्या नंबरपर्यंत गेली आणि उतरली. हॉलिसने सांगितलं, की हे रंगमंचावर वाजवता येणार नाही, तेव्हा दौरा नाही. १९८६ नंतर हा बँड लोकांसमोर वाजलाच नाही. कंपनीचा करार असा होता, की रेकॉर्डिंग पुरं झालं की ठरलेल्या मुदतीत नोटीस देऊन करार पुढे वाढवायचा हक्क कंपनीला. बँड म्हणाला, रेकॉर्डिंग पुरं झालं, तुमची मुदत गेली, आम्ही सुटलो. कंपनी म्हणाली, आमचं समाधान होत नाही तोवर ते पुरं झालं असं म्हणताच येत नाही, म्हणून मुदत सुरूच झाली नव्हती. खालच्या न्यायाधीशांनी कंपनीची बाजू घेतली. अपील कोर्टाने निकाल फिरवला आणि बँड सुटला. 'कमर्शियली समाधानकारक' हा शब्दप्रयोग या तबकडीला तेव्हापासून जो चिकटला तो कायमचा.

मला या दाव्यातला प्रश्न फार आवडतो. गाणं पुरं झालं, हे कोणी म्हणायचं? गाणाऱ्याने, की पैसे देणाऱ्याने? मर्कंटाइल लॉ म्हणून कंपनीलाही अगदीच चूक म्हणता येत नाही. खर्च तिचा होता. पण समाधान ही गोष्ट नोटिशीला बांधता येत नाही. आमच्या गोपनीय अहवालात 'काम : समाधानकारक' असं दर वर्षी येतं. कोणाचं समाधान, कशाने झालं, हे मी २२ वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. हॉलिसने विचारलं. इतका खर्च करून, इतकं नाव पणाला लावून विचारलं.

पुढची कथा थोडक्यात. बँड सुटल्यावर कंपनीने १९९० साली जुन्या गाण्यांचा संग्रह काढला, 'नॅचरल हिस्टरी'. तो चढला तिसऱ्या नंबरावर! म्हणजे बँडच्या कोणत्याही नव्या तबकडीपेक्षा वर. जुनं 'इट्स माय लाइफ' पुन्हा काढलं, ते १३ व्या नंबरावर. अशी कमाई बघून कंपनीने १९९१ साली त्याच गाण्यांना नवे ठेके जोडून आणखी एक तबकडी काढली. आता बँडनेच कंपनीवर दावा लावला, आणि त्या तबकडीच्या उरलेल्या प्रती नष्ट कराव्या लागल्या. स्वतःची गाणी अधिक गोंगाट करतात म्हणून कोर्टात जाणारे हे पहिलेच गृहस्थ असावेत.

त्याच १९९१ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून 'लाफिंग स्टॉक' आली. पॉल वेब तोवर सोडून गेला होता. तिच्यात एका ठिकाणी वाद्य एकाच स्वरावर मिनिटभराहून जास्त वेळ उभं राहतं. एकच स्वर! पण तोही चिडलेला, थरथरता, फार वेळ रांगेत उभ्या राहिलेल्या माणसासारखा. नंतर बँड संपला. १९९४ मध्ये सायमन रेनल्ड्स या समीक्षकाने अशा तऱ्हेच्या संगीताला 'पोस्ट-रॉक' हे नाव चालवलं, आणि 'ईडन'ला त्याच्या पूर्वजांत बसवण्यात आलं. १९९८ साली हॉलिसने स्वतःच्या नावाची एकच तबकडी काढली. तिच्यातल्या पहिल्या गाण्याचं नाव 'द कलर ऑफ स्प्रिंग'. तबकडी १९८६ ची, त्या नावाचं गाणं १२ वर्षांनी! इतकं उशिरा वटलेलं चेक मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे तीन महिन्यांनी तो शिळा होतो.

त्यानंतर हा माणूस जवळजवळ गप्प झाला. घर आणि मुलं यांना वेळ द्यायचा, दौरे आणि बापपण दोन्ही एकदम जमत नाही, असं त्याचं म्हणणं. मध्ये २००३ साली 'नो डाउट' या अमेरिकी बँडने 'इट्स माय लाइफ' पुन्हा गायलं आणि ते अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. जुनी ठेव पुन्हा एकदा फळाला आली. हा उठून आला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये, ६४ व्या वर्षी, तो गेला.

मी विनोदी लिहितो. दिवाळी अंकांचे संपादक मला दर वर्षी प्रेमाने सांगतात, "साहेब, ते मागे लिहिलं होतंत ना, बदलीचं, तसंच काहीतरी द्या." मी देतो. वाचक हसतात, मानधन येतं, सौ. त्यात दोनशे घालून कुकर घेतात. यात वाईट काही नाही. हसवणं हे मानाचं काम आहे, आणि चाल बांधणंही. पण कधीतरी रात्री वाटतं, की लोकांना आवडलेलं जे आपल्या खात्यात जमा झालं आहे ते कशासाठी? त्यावर पुन्हा तेच उचलायचं, की एकदा तरी सगळं काढून, लोक 'चार्जिंग संपलं का?' असं विचारतील अशा जागी जाऊन बसायचं? याचं उत्तर प्रत्येकाने आपापल्या शिलकीप्रमाणे द्यावं. माझी शिल्लक सध्या तरी 'किमान रकमे'च्या जवळपास आहे.

तबकडी मात्र ऐका. रात्री, जेवणं झाल्यावर, दिवा घालवून. पहिली दोन मिनिटं फोनला हात लावू नका. तो बिघडलेला नाही.